माळरानाच्या पक्ष्यांचा नकाशा कसा करायचा: उपग्रहापासून गट नंबरापर्यंत

१९७९ साली माळढोकासाठी सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात अभयारण्य जाहीर झालं. कागदावर त्याचं क्षेत्र साधारण साडेआठ हजार चौरस किलोमीटर होतं. त्या रेषेच्या आत गावं आली, उसाचे मळे आले, रस्ते आणि बाजारपेठाही आल्या. माळढोक ज्या गवताळ तुकड्यांवर राहायचा, ते या सगळ्याच्या मधे विखुरलेले होते. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली, पक्ष्याबद्दल राग साठत गेला, आणि अनेक वर्षांनी हद्द पुन्हा आखून ती साधारण बाराशे चौरस किलोमीटरवर आणावी लागली. तोवर राज्यातले माळढोक बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

माळढोक केवळ नकाशापायी गेला असं मी म्हणणार नाही. शिकार, विहिरी-कालव्यांबरोबर पसरलेली बागायत, माळावर लावलेली झाडं, विजेच्या तारा, कारणं पुष्कळ आहेत. पण त्या हद्दीतून एक गोष्ट कळते. पक्ष्यांच्या अधिवासाचा नकाशा पाहून ‘या गट नंबराच्या जमिनीत, या महिन्यात हे करायचं आणि हे करायचं नाही’ असं सांगता आलं, तरच तो संवर्धनाच्या कामाचा. तसं सांगता येत नसेल तर रंग कितीही सुरेख भरलेले असोत, तलाठ्याला, वनरक्षकाला किंवा सरपंचाला त्याचा काही उपयोग नाही.

हा लेख दहा-बारा गावांच्या पट्ट्यासाठी किंवा फार तर एका तालुक्यासाठी असा नकाशा करू पाहणाऱ्यांकरता आहे. माझ्या डोळ्यांसमोर आहे तो दख्खनचा कोरडा पट्टा: सोलापूर, इंदापूर-बारामती-दौंड, माण-खटाव, अहिल्यानगर, बीड, धाराशिव. पाणथळीसाठी किंवा सह्याद्रीच्या जंगलासाठी पद्धत बरीच बदलेल, म्हणून ते इथे घेतलेलं नाही.

आधी निर्णय कोणता, ते ठरवा

काम सुरू करण्याआधी एका कागदावर लिहा: हा नकाशा कोणाच्या टेबलावर जाणार आणि त्यावरून काय ठरणार? पुढच्या पावसाळ्यात वनखातं कुठे लागवड करणार, हे ठरायचं असेल. ग्रामपंचायतीच्या गायरानावर सौरप्रकल्प येऊ घातला असेल. किंवा गावाची लोक जैवविविधता नोंदवही अद्ययावत व्हायची असेल. प्रत्येक कामाला लागणारा बारकावा वेगळा असतो. लागवडीच्या प्रश्नाला वनखात्याचा कक्ष क्रमांक लागतो, गायरानाच्या प्रश्नाला गट नंबर.

मग पक्षी निवडा. तालुक्यातले सगळे दोनशे-अडीचशे पक्षी नकाशावर आणायला जाऊ नका. माळाच्या वेगवेगळ्या रूपांची साक्ष देतील असे पाच-सहा पुरेत. गवताची उंची हा इथला सगळ्यात मोठा फरक आहे. धाविक आणि पीतमुखी टिटवी यांना उघडा मुरूम आणि घोट्याएवढं खुरटं गवत लागतं. धाविकाला चालताना एकदा नीट बघा: चार-पाच पावलं तुरुतुरु धावतो, थबकतो, वाकून किडा टिपतो, पुन्हा धावतो. गुडघ्याएवढ्या गवतात हे धावणंच जमत नाही. याउलट तणमोर आणि लावे यांना पावसाळ्यात वाढलेलं उंच गवत हवं. तणमोराचा नर विणीच्या काळात गवताच्या वर उडी मारून स्वतःला दाखवतो. भोवती गवत आणि वर मोकळं आकाश असेल तरच ती उडी कामाची. पखुर्डीला मोकळा माळ आणि रोज गाठता येईल असं पाणी, दोन्ही लागतं. हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे भोवत्ये, म्हणजे शिकारी पक्षी, दिवसभर माळावर आणि शेतांवर नाकतोडे-उंदीर शोधत फिरतात आणि रात्री उंच गवतात, जमिनीवर, एकत्र झोपतात. डोंबारी चंडोल जवळपास सगळीकडे भेटतो, म्हणून पहिल्यांदा पाहणी करणाऱ्यांच्या सरावाला तो चांगला.

या यादीतच एक मोठी गोष्ट दडली आहे. एकाच उंचीचं गवत असलेला माळ, कितीही हिरवागार असला तरी, यातल्या निम्म्या पक्ष्यांना निरुपयोगी असतो. नकाशात ‘चांगला माळ’ असा एकच रंग देऊ नका. खुरटा, मध्यम, उंच असे वेगळे रंग द्या.

‘पडीक’ या शिक्क्यापासून सावध

तयार सरकारी नकाशे जरूर घ्या. इस्रोच्या ‘भुवन’ संकेतस्थळावर जमीनवापराचे थर, म्हणजे एकावर एक ठेवता येणारे नकाशे, पाहायला मिळतात. पण त्यात माळरानाचा फार मोठा भाग पडीक जमीन म्हणून नोंदलेला असतो. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक या संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात देशातल्या निमशुष्क, मोकळ्या नैसर्गिक परिसंस्थांचा नकाशा मांडला. त्यांच्या हिशेबाने हे क्षेत्र देशाच्या भूभागाच्या साधारण दहा टक्के भरतं, त्यातला संरक्षित भाग पाच टक्क्यांहूनही कमी, आणि बहुतांश जमीन सरकारी कागदांत पडीक. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’च्या २०२३ च्या अहवालातही गवताळ आणि मोकळ्या प्रदेशातल्या पक्ष्यांची घसरण ठळकपणे दिसते. पडीक म्हटलं की तिथे ‘विकास’ करायला कोणाची हरकत नसते. पाणी अडवायला सलग समतल चर खणले जातात, गिरीपुष्पाच्या झाडांची लागवड होते, आणि उपग्रहाच्या हिशेबात हिरवाई वाढल्याची नोंद होते. त्याच वेळी धाविक तिथून निघून गेलेला असतो.

म्हणून वृक्षाच्छादनाचा थर अधिवासाची प्रत वाढवणारा म्हणून कधीही जोडू नका. माळाच्या पक्ष्यांसाठी तो धोक्याच्या बाजूला मोडतो.

उपग्रहाची चित्रं: कोणत्या महिन्यातली घ्यायची

नकाशे करण्याचं सॉफ्टवेअर म्हणून क्यूजीआयएस घ्या. ते मोफत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. चित्रांसाठी युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची मोफत मिळणारी चित्रं घ्या. त्यातले दृश्य आणि निकट-अवरक्त बँड दहा मीटरचे असतात, म्हणजे एका हेक्टरात शंभर पिक्सेल. जुना काळ पाहायला लँडसॅटची तीस मीटरची चित्रं १९८० च्या दशकापासून मिळतात. ‘हा माळ कधी नांगरला गेला?’ हा प्रश्न आला की ती फार उपयोगी पडतात.

हिरवेपणाचा निर्देशांक काढणं सोपं आहे: सेंटिनेलच्या बँड ८ (निकट-अवरक्त) मधून बँड ४ (लाल) वजा करायचा आणि त्या दोघांच्या बेरजेने भागायचं. अवघड आहे ते योग्य महिना निवडणं, आणि नवशिक्यांचे नकाशे फसतात ते इथेच. ऑक्टोबरात आभाळ मोकळं होतं म्हणून लोक हमखास ऑक्टोबरचं चित्र घेतात. तेव्हा माळ, बाजरी, तूर, बांध, सगळं हिरवं असतं आणि एकातून दुसरं वेगळं काढता येत नाही. निदान तीन चित्रं एकमेकांशेजारी ठेवा.

पहिलं नोव्हेंबरच्या अखेरचं. तोवर कुसळी, पवन्या, डोंगरी ही गवतं वाळून पिवळी पडलेली असतात, तर रब्बीची ज्वारी हिरवी उभी असते. माळ आणि शेत इथे स्वच्छ वेगळे होतात. गिरीपुष्पही या वेळी हिरवंच असतं. पुढे हिवाळ्याच्या शेवटी ते पानं गाळतं आणि फेब्रुवारीच्या चित्रात लागवड जवळजवळ नाहीशी होते, म्हणून लागवड शोधायची तर नोव्हेंबरातच.

दुसरं मे महिन्यातलं. आता बहुतेक सगळं करडं असतं. माळावर अजूनही जे हिरवं दिसतं ते बहुधा वेडी बाभूळ, माळ व्यापत जाणारं परकं काटेरी झाड. ऊस आणि फळबागाही हिरव्या असतात, पण त्यांच्या कडा सरळ आणि कोपरे काटकोनी असतात. वेडी बाभूळ ओढ्याच्या कडेने, पाझर तलावाच्या खाली, वेडीवाकडी पसरलेली दिसते. मे महिन्याच्याच चित्रात नांगरलेली शेतं आणि वाळलेल्या गवताचा माळ यांचा पोतही वेगळा कळतो.

तिसरं पहिल्या चांगल्या पावसानंतरचं. ढगांमुळे हे मिळणं नशिबाचा भाग आहे, पण जून-जुलैत एखादी उघडीप सापडतेच. मुळं जिवंत असलेला माळ पावसानंतर थोड्या दिवसांत हिरवा होतो. शेत मात्र पेरणी होऊन रोप वर येईपर्यंत उघडंच राहतं. जे क्षेत्र मे महिन्यात माळासारखं दिसलं पण पावसानंतरही हिरवं झालं नाही, तिथे बहुधा मुरूम उपसला आहे, जमीन ढोरांच्या पायांनी पार झिजली आहे किंवा नुसता खडक आहे. पुढे पुनरुज्जीवनाचं नियोजन करताना हा फरक फार कामी येतो.

तिन्ही चित्रांवरून हाताने तुकडे आखायचे की संगणकाकडून वर्गवारी करून घ्यायची? दहा-बारा गावांसाठी मी हाताने आखण्याच्या बाजूचा आहे. वेळ जास्त लागतो, पण आखता आखता सगळा प्रदेश डोक्यात बसतो. तालुका मोठा असेल तर गूगल अर्थ इंजिनवर नमुने देऊन वर्गवारी करा. मात्र प्रत्येक वर्गातल्या निदान तीस जागा प्रत्यक्ष जाऊन तपासा आणि किती बरोबर, किती चूक याचा तक्ता नकाशासोबतच छापा.

तांत्रिक पण महत्त्वाचं: क्षेत्रफळ मोजण्याआधी सगळे थर यूटीएम प्रणालीत, म्हणजे अंशांऐवजी मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रणालीत, आणा. ७८ अंश पूर्व रेखांशाच्या पश्चिमेला, म्हणजे हा सगळा दख्खनचा पट्टा, ४३ उत्तर झोन, ईपीएसजी क्रमांक ३२६४३. नागपूर-चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजूला ४४ उत्तर, ३२६४४. अंशांतल्या थरावर हेक्टर मोजायला गेलात तर आकडे भलतेच येतील.

गावनकाशा बसवणं

आता जमीन कोणाची, हे पाहू. महाभूनकाशा संकेतस्थळावर गावाचा नकाशा आणि गट नंबर दिसतात. जिथे नीट मिळत नाही तिथे भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशाची प्रत घ्या, स्कॅन करा आणि क्यूजीआयएसमधल्या जिओरेफरन्सरने जागेवर बसवा. बसवण्यासाठी न हलणारे बिंदू लागतात: तीन गावांच्या शिवेचा दगड, ओढ्यांचा संगम, जुनी दगडी विहीर, देवळाचा कोपरा. रस्त्याचा चौक विश्वासाचा नाही, कारण रस्ते रुंद होतात, सरकतात. निदान सहा-आठ बिंदू घ्या आणि ते गावभर पसरलेले असू द्या. इतकं करूनही कडेला वीस-तीस मीटरचा फरक राहू शकतो. नकाशाच्या तळाशी ‘ही मोजणी नाही, हद्दीच्या वादासाठी वापरू नये’ असं ठळक लिहा. नाहीतर दोन भावांच्या बांधाच्या भांडणात तुमचा पक्ष्यांचा नकाशा पुरावा म्हणून फिरू लागेल.

प्रत्येक तुकड्यासमोर मालकी लिहा: वनखातं, गायरान, इतर महसुली जमीन, देवस्थान इनाम, खाजगी. खाजगी जमिनीतल्या पडीलाही जागा द्या. दोन-तीन वर्षं नांगर न लागलेल्या पडीवर चंडोल आणि लावे चांगले राहतात.

मेंढपाळाला नकाशा दाखवा

इथवरचं सगळं काम खोलीत बसून होतं, आणि त्यातच अडकून राहण्याचा मोह मोठा असतो. आता उपग्रहाचं चित्र मोठ्या कागदावर छापून घ्या, त्यावर वाड्या, ओढे, देवळं यांची नावं मराठीत टाका आणि गावात पारावर पसरा. लोक आधी स्वतःचं घर शोधतात, मग विहीर, मग बोलू लागतात. माळांना नावं असतात. ती जशीच्या तशी लिहून घ्या. पुढच्या सगळ्या बैठकांत ‘तुकडा क्रमांक १७’ कोणाच्या ध्यानात राहत नाही, माळाचं नाव राहतं.

सगळ्यात बारीक माहिती धनगर मेंढपाळांकडे असते. बरेच वाडे, म्हणजे कळपांसह फिरणारे त्यांचे गट, दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात आणि पावसाच्या तोंडावर माळावर परततात. म्हणजे चराईचा दाब वर्षभर सारखा नसतो, आणि कुठलं गवत कधी खुरटं होतं हे त्यांच्या वाटांवर ठरतं. विचारायचे प्रश्न साधे ठेवा. पावसाळ्यात कळप कुठे नेता? कुठे नेत नाही, आणि का? भर उन्हाळ्यात पाणी कुठे टिकतं? टिटवीची अंडी कुठल्या माळावर हमखास दिसतात? लांडगा कुठून येतो? कुठलं गवत आधी होतं आणि आता दिसत नाही? उत्तरं रंगीत पेनाने त्याच कागदावर, त्यांच्यासमोर काढा.

पारधी समाजातल्या जुन्या माणसांना तितर-लाव्यांच्या जागा तोंडपाठ असतात. त्यांच्याशी बोलताना शिकारीच्या चौकशीचा सूर लावू नका आणि कोणाचं नाव नोंदवू नका. मिळालेली माहिती कोणावर कारवाई करायला वापरली गेली तर ते दार कायमचं बंद होतं, आणि ते योग्यच आहे.

माळावर

क्षेत्रावर एक किलोमीटरची चौकटजाळी टाका. ज्या चौकटीत थोडाही माळ आहे त्या सगळ्या यादीत घ्या आणि जायच्या चौकटी चिठ्ठ्या टाकून काढा. आवडत्या जागा निवडल्या तर नकाशा रस्त्यांचा आणि चहाच्या टपऱ्यांचा होतो. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावरच्या जुन्या नोंदी जरूर उतरवून घ्या, पण त्यातले ठिपके कडबनवाडी, मयूरेश्वर, नान्नज अशा नावाजलेल्या जागांभोवती दाटलेले असतात, हे लक्षात ठेवा. जिथे ठिपका नाही तिथे पक्षी नाही, असं नसतं. बहुधा तिथे कोणी गेलेलं नसतं.

प्रत्येक चौकटीत एक किलोमीटरची वाट चाला किंवा ठरावीक तीन-चार जागी पंधरा-पंधरा मिनिटं थांबा. कुठलीही एक पद्धत निवडा आणि सगळीकडे तीच ठेवा. वेळ सूर्योदयापासून पहिल्या तीन तासांची. सोबत दोघं असावेत, एक बघणारा आणि एक लिहिणारा. दिसलेले-ऐकलेले सगळे पक्षी लिहा, आणि निवडलेला पक्षी दिसला नाही तर ‘दिसला नाही’ हेही लिहा. ही शून्यं सोन्याच्या मोलाची आहेत. एका हंगामात एकाच चौकटीत निदान तीनदा जा, कारण धाविक समोर असून दिसत नाही असं वारंवार होतं. तीनदा गेल्यावरच ‘इथे नाही’ आणि ‘इथे आहे, पण आज दिसला नाही’ यांतला फरक काढता येतो.

हंगाम किमान तीन धरा. मार्च ते जून: धाविक आणि पीतमुखी टिटवी यांची वीण, आणि पाण्याच्या जागा. जुलै ते सप्टेंबर: उंच गवतातले पक्षी, चित्तूर आणि लाव्यांचे आवाज. नोव्हेंबर ते फेब्रुवारी: भोवत्ये आणि इतर पाहुणे. भोवत्यांच्या रातथाऱ्यासाठी, म्हणजे रात्री एकत्र झोपण्याच्या जागेसाठी, सूर्यास्ताआधीचा तास राखून ठेवा. दूर, मोकळ्या उंचवट्यावर बसा आणि पक्षी चहूकडून कुठे येऊन उतरतात ते दुर्बिणीतून बघा. उतरण्याच्या जागेपर्यंत चालत जाऊ नका. पखुर्डीसाठी मे महिन्यातली सकाळ हवी. उन्हं वर आली की त्या थव्यांनी पाण्यावर येतात, आणि पिल्लं असतील तर नर पोटाची पिसं भिजवून त्यांच्यासाठी पाणी नेतो. अशा प्रत्येक पाण्याच्या जागेभोवती नकाशात वेगळी खूण करा. ती जागा कागदावर गुंठाभरही नसेल, पण आजूबाजूच्या किती तरी किलोमीटरचा माळ तिच्या भरवशावर वापरात असतो.

पक्ष्यांइतकीच जमिनीची नोंद महत्त्वाची. प्रत्येक थांब्यावर मोबाईलमध्ये क्यूफील्ड किंवा कोबो या नोंदीच्या ॲपमधला फॉर्म भरा. गवताची उंची सेंटिमीटरमध्ये मोजत बसण्यापेक्षा घोटा, गुडघा, कंबर अशी ठेवा. सगळ्यांची नोंद सारखी येते. उघडा मुरूम किती भाग, दगड किती, झुडपं किती आणि कोणती: बोर, तरवड, हिवर की वेडी बाभूळ? शंभर मीटरच्या आत किती झाडं? ताजी चराई, जळल्याच्या खुणा, चर, कुंपण, तारा, भटकी कुत्री? मग उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम असे चार फोटो, याच क्रमाने. नमुना म्हणून एक नोंद अशी दिसेल:

*थांबा ३, गायरान, मार्चचा तिसरा आठवडा, सकाळी ७:१०. गवत घोट्याएवढं, बहुतेक कुसळी, वाळलेली. मुरूम साधारण निम्मा. मोठी झाडं नाहीत, हिवराची दोन झुडपं. मेंढ्यांच्या ताज्या लेंड्या. उत्तरेला नव्याने खणलेले चर, साधारण दीडशे मीटरवर. पीतमुखी टिटवी २, एक जण वारंवार डोक्यावरून ओरडत. जवळ अंडी असावीत, मागे फिरलो. धाविक दिसला नाही.*

‘मागे फिरलो’ हे फार महत्त्वाचं. टिटवीची चार ठिपकेदार अंडी मुरमावर उघडी असतात आणि दोन पावलांवरूनही दिसत नाहीत. पक्षी अस्वस्थ दिसला की आल्या पावली परत जा, जागेची नोंद लांबून घ्या. माळावर गाडी घालू नका, आवाज वाजवून पक्षी बोलावू नका, विणीच्या काळात ड्रोन उडवू नका.

धोक्यांचा थर

हा थर लवकर होतो, पण विसरला जातो. विजेच्या मोठ्या वाहिन्या, पवनचक्क्या, सौरप्रकल्प, मुरमाच्या खाणी, जाळीची कुंपणं, कचरा टाकण्याच्या जागा. कचऱ्यापाशी कुत्री जमतात आणि जमिनीवरची घरटी संपवतात. उच्च दाबाच्या बऱ्याच वाहिन्या ओपन स्ट्रीट मॅपमध्ये सापडतात. गावातल्या छोट्या वाहिन्या मात्र फिरतानाच नोंदवाव्या लागतात. माळढोकासारख्या जड पक्ष्याचे डोळे बाजूला असतात, समोरची तार त्याला उशिरा दिसते आणि जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही. म्हणून पाण्याची जागा आणि माळ यांच्या मधून, किंवा माळ आणि रातथारा यांच्या मधून जाणाऱ्या तारा लाल रंगात दाखवा. नुसतं ‘तारा आहेत’ इतकं लिहून भागत नाही.

थर एकत्र आणताना

आता प्रत्येक तुकड्यापुढे गवताचा प्रकार, पक्षी, वापराचे महिने, मालकी आणि धोके आले आहेत. इथे गुण देऊन बेरीज करण्याची सवय असते: पक्ष्यांना दहा, आकाराला दहा, जोडणीला दहा. मला ती पद्धत पटत नाही. बेरजेत एखादी अत्यावश्यक गोष्ट झाकली जाते. भोवत्यांचा रातथारा पाच हेक्टरांचा आहे म्हणून आकाराचे गुण कमी आणि तुकडा यादीच्या तळाला, असं होता कामा नये. त्याऐवजी तुकड्यांचे सरळ चार गट करा.

पहिला, हात न लावण्याचा: मूळ गवत शाबूत आहे, पक्षी आहेत. इथे चर नकोत, लागवड नको, चराईची सध्याची पद्धत चालू द्यावी. दुसरा, थोड्या कामाने सुधारणारा: गवत आहे, पण वेडी बाभूळ घुसते आहे किंवा चराई फार आहे. तिसरा, बिघडलेला पण दोन चांगल्या तुकड्यांना जोडणारा. चौथा, आता माळ राहिलेला नाही असा. चौथा गट प्रामाणिकपणे दाखवा. सौरप्रकल्पाला जागा कुठे द्यावी, असं कोणी विचारलं तर बोट ठेवायला तो लागतो, आणि सगळंच वाचवा म्हणणाऱ्याचं कोणी ऐकत नाही.

लांडगा, काळवीट, खोकड यांच्या नोंदीही त्याच नकाशावर टाका. तुकड्यांमधल्या वाटा पुष्कळदा तेच दाखवतात.

पुनरुज्जीवनाची कामं नकाशावर लिहिताना

प्रत्येक दुसऱ्या-तिसऱ्या गटाच्या तुकड्यासाठी एक आदर्श तुकडा शोधा: तीच माती, तोच पाऊस, पण गवत अजून चांगलं. ध्येय तिथून घ्या. उथळ मुरमाच्या माळावर कमरेएवढ्या मारवेल गवताचं स्वप्न बघू नये. तिथे कुसळी आणि खुरटी गवतं हाच निरोगी माळ.

वेडी बाभूळ नुसती तोडली तर फुटून आधीपेक्षा दाट होते. बुंध्याखालची गाठ मुळासकट काढावी लागते आणि पुढची काही वर्षं रोपं उपटत राहावं लागतं. पण त्याआधी गावात विचारा की सरपण आणि कोळसा कोण करतं. काहींचं घर त्यावर चालतं. ओढ्याकाठचा एक पट्टा त्यांच्यासाठी ठेवून माळावरची आधी काढणं, अशी वाटणी नकाशावर सहज दाखवता येते.

गवत पेरायचं असेल तर बी जवळच्याच माळावरचं घ्या. गवत पिकतं तेव्हा, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात, बी गोळा करून कोरडं ठेवा आणि पावसाच्या तोंडावर पसरा. बाहेरून आणलेल्या चाऱ्याच्या एकाच जातीने माळ भरू नका. आणि चराईबंदी हे सरसकट औषध समजू नका. पूर्ण बंदी केलेल्या तुकड्यात दोन-तीन पावसाळ्यांत गवत दाटतं. लावे खूश होतात, धाविक आणि पीतमुखी टिटवी निघून जातात, आणि वाळलेल्या गवताला वणव्याची भीती वाढते. त्यापेक्षा माळाचे तीन भाग करून आळीपाळीने एक भाग पावसाळाभर मोकळा ठेवावा. कुठला भाग कधी, हे मेंढपाळांबरोबर बसून ठरवा आणि नकाशावर महिन्यांसकट लिहा. जाळरेषा (वणवा अडवायला गवत जाळून केलेले मोकळे पट्टे) काढायच्या असतील तर मार्चच्या आत संपवा; नंतर जमिनीवर अंडी असतात.

कोणाला काय द्यायचं

नकाशाच्या दोन प्रती करा. एक वनखात्यासाठी आणि जैवविविधता व्यवस्थापन समितीसाठी, सगळ्या बारकाव्यांसह. दुसरी सगळ्यांसाठी, ज्यात तणमोर, शृंगी घुबड, भोवत्यांचे रातथारे अशा जागा नेमक्या बिंदूने न दाखवता पूर्ण चौकट रंगवून दाखवलेल्या असतील. घरट्याचं ठिकाण व्हॉट्सअ‍ॅपवर गेलं की दुसऱ्या दिवशी तिथे कॅमेरे पोचतात.

कार्यालयात नुसता नकाशा देऊ नका. सोबत मराठीत एक तक्ता द्या: गावाचं नाव, गट नंबर किंवा कक्ष क्रमांक, हेक्टर, माळाचं नाव, गवताचा प्रकार, पक्षी, महत्त्वाचे महिने, काय करावं, काय करू नये. अधिकाऱ्याला फाईलमध्ये लावता येतो तो हा तक्ता. त्याबरोबर मोबाईलच्या नकाशात उघडणारी केएमएल फाईल द्या, म्हणजे वनरक्षकाला मोबाईलवर माळ उघडून बघता येईल. वनखात्याची कार्य आयोजना आणि लागवडीच्या जागा ठरण्याआधी, साधारण हिवाळ्यातच, हे पोचलं पाहिजे. मे महिन्यात खड्डे खणून झाल्यावर काही बदलत नाही.

ग्रामसभेत नकाशा भिंतीवर लावा, माळांची नावं मोठ्याने वाचा आणि ज्या गायरानावर लागवड किंवा चर नको ते गट नंबर ठरावात लिहून घ्या. ठरावाची प्रत आणि नकाशा दोन्ही लोक जैवविविधता नोंदवहीला जोडा. जिथे सामूहिक वनहक्क मिळाले आहेत तिथे त्या समितीच्या व्यवस्थापन आराखड्यातही तो जायला हवा. नोंदवहीत नकाशाची तारीख आणि पाहणीचे महिने जरूर टाका, कारण दर नोव्हेंबरात त्याच थांब्यांवर जाऊन तेच चार फोटो पुन्हा घ्यायचे आहेत, आणि ज्या तुकड्याचा चारांपैकी गट बदलला असेल त्याची ओळ तक्त्यात दुरुस्त करून नवी प्रत त्याच फाईलला लावायची आहे.